१९४० मध्ये ब्रिटनने आपली वैज्ञानिक गुपिते अमेरिकेला का दिली, आणि अणूच्या बाबतीत तोच मार्ग का बंद झाला?

वारणाकाठ (प्रश्न)

दुसऱ्या महायुद्धात सरकारांनी चालवलेल्या संशोधनाविषयी वाचताना एक गोष्ट मला सतत कोड्यात टाकत आली आहे. जाणकारांनी तिच्यावर सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

ऑगस्ट १९४० मध्ये, फ्रान्सचा पाडाव होऊन जेमतेम दोन महिने झालेले असताना आणि इंग्लंडवर जर्मन विमानांचे हल्ले सुरू असताना, ब्रिटिश सरकारने सर हेन्री टिझार्ड यांच्या नेतृत्वाखाली शास्त्रज्ञ आणि लष्करी अधिकाऱ्यांचे एक छोटे मंडळ वॉशिंग्टनला पाठवले. मंडळाबरोबर एक काळी पत्र्याची पेटी होती. रडारच्या लहरी निर्माण करणाऱ्या पोकळी-मॅग्नेट्रॉनचा नमुना, विमानाजवळ पोहोचताच आपोआप फुटणाऱ्या तोफगोळ्याच्या फ्यूजची रचना, व्हिटल यांच्या जेट इंजिनाची माहिती आणि अणुबाँब शक्य असल्याचे सांगणाऱ्या टिपणाचा तपशील, एवढा ऐवज या मंडळाने अमेरिकेसमोर मांडला. अमेरिका त्या वेळी तटस्थ होती. मित्रदेशांना युद्धसामग्री पुरवण्याचा लेंड-लीज कायदा संमत व्हायला अजून अर्धे वर्ष अवकाश होता आणि अमेरिका युद्धात उतरली ती डिसेंबर १९४१ मध्ये. म्हणजे ज्या देशाने आपल्या बाजूने लढण्याचे कोणतेही वचन दिलेले नाही, त्याच्या हाती ब्रिटनने आपले सर्वांत मोलाचे संशोधन कोणतीही अट न घालता ठेवले.

याच्या उलट जानेवारी १९४३ मध्ये, दोन्ही देश खांद्याला खांदा लावून लढत असताना, अमेरिकेने ब्रिटनला कळवले की अणुसंशोधनातील माहिती यापुढे फार मर्यादित स्वरूपातच मिळेल, आणि तीही ब्रिटनला या युद्धात प्रत्यक्ष वापरता येईल एवढीच. मैत्री सर्वांत घट्ट असतानाच दार का लावले गेले?

माझे प्रश्न तीन आहेत. १९४० चा निर्णय हे औदार्य होते की नीट मांडलेला हिशेब? अणूच्या बाबतीत तोच व्यवहार का फिसकटला? आणि ज्यांना या बैठकांत जागाच नव्हती, त्यांच्या वाट्याला काय आले? हा तिसरा प्रश्न विचारताना माझ्या मनात अर्थातच तेव्हाचा हिंदुस्थान आहे. त्याचे सुमारे २५ लाख सैनिक त्या युद्धात होते, पण विज्ञानाच्या या देवाणघेवाणीत त्याचा उल्लेख क्वचितच आढळतो.

रेडिओलहर

मी रेडिओ अभियांत्रिकी शिकवण्यात बरीच वर्षे घालवली आहेत, त्यामुळे आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी मॅग्नेट्रॉनपासून सुरू करतो. पेटीत पुष्कळ काही होते, पण निर्णायक वस्तू तीच होती.

त्या काळच्या रडारची खरी अडचण तरंगलांबीची होती. रडारचा झोत अरुंद हवा असेल, तर अँटेना तरंगलांबीच्या कित्येक पट मोठी असावी लागते. १९४० च्या सुरुवातीला ब्रिटिश विमानांत बसवलेले रडार दीड मीटर तरंगलांबीवर चालत होते. अशा रडारचा झोत अरुंद करण्याइतकी मोठी अँटेना विमानात बसणे शक्यच नव्हते. तरंगलांबी दहा सेंटिमीटरपर्यंत खाली आणता आली असती तर विमानाच्या नाकात मावणारी थाळीसुद्धा पुरली असती, परंतु त्या लांबीच्या लहरी पुरेशा शक्तीने निर्माण करणारे साधन कोणाकडेच नव्हते. अमेरिकेत स्टॅनफर्डला व्हेरियन बंधूंनी क्लायस्ट्रॉन तयार केला होता, पण त्याची शक्ती फार अपुरी होती. याच एका अडथळ्यापाशी अमेरिकेत सूक्ष्मलहरींच्या रडारवर काम करणारे आल्फ्रेड लूमिस आणि त्यांचे सहकारी अडून बसले होते.

बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी हा अडथळा दूर केला. तांब्याच्या भरीव ठोकळ्यात मधोमध एक मोठे छिद्र आणि त्याच्याभोवती लहान गोल पोकळ्या कोरायच्या, मधल्या छिद्रात ऋणाग्र बसवायचा आणि सगळे चुंबकीय क्षेत्रात ठेवायचे, अशी ती रचना होती. ऋणाग्रापासून निघालेले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रामुळे गोल फिरतात आणि पोकळ्यांच्या फटींवरून जाताना, बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर ती घुमावी तसे त्या पोकळ्यांना घुमवतात. हे साधन २१ फेब्रुवारी १९४० रोजी पहिल्यांदा चालले आणि त्याने सुमारे ४०० वॉट शक्तीच्या, जवळपास दहा सेंटिमीटर लांबीच्या लहरी दिल्या. पुढे वेंब्ली येथील जी.ई.सी. कंपनीच्या प्रयोगशाळेत एरिक मेगॉ यांनी त्याला कारखान्यात बनवता येईल असे बंदिस्त रूप दिले. इथे एक गोष्ट आवर्जून नोंदवायला हवी, कारण ती बहुतेक वर्णनांत गाळली जाते. मे १९४० मध्ये, फ्रान्स कोसळण्याच्या अगदी उंबरठ्यावर, मोरिस पॉन्त नावाचे फ्रेंच अभियंते आपल्या कंपनीचा मॅग्नेट्रॉन घेऊन वेंब्लीला आले होते. त्यात ऑक्साइडचा लेप दिलेला ऋणाग्र होता. मेगॉ यांनी ती युक्ती उचलली आणि स्पंदातील शक्ती किलोवॅटच्या पटीत पोहोचली. टिझार्ड मंडळाने अमेरिकेला दिलेल्या वस्तूतच एका पराभूत मित्रदेशाची देणगी मिसळलेली होती. मला स्वतःला या सगळ्या इतिहासात पॉन्त यांचा तो प्रवास सर्वांत हृद्य वाटतो.

आता हिशेबाकडे येतो. ब्रिटनमधील रेडिओचे व्हॉल्व्ह (निर्वात नळ्या) तयार करणारे कारखाने १९४० मध्ये आधीच पूर्ण भाराने चालत होते आणि त्यांच्यावर बाँब पडत होते. मॅग्नेट्रॉन शोधला असला तरी तो हजारोंच्या संख्येने बनवण्याची, त्याच्याभोवती रडारची नवी यंत्रे रचण्याची आणि ती वेळेत आघाडीवर पोहोचवण्याची ताकद ब्रिटनकडे नव्हती. ती ताकद अमेरिकेकडे होती. म्हणून गुपित स्वतःपाशी ठेवले असते तर ब्रिटनला त्याचा पुरता उपयोग झालाच नसता. हे ज्यांनी सर्वांत आधी ओळखले त्यांत शरीरक्रियाशास्त्रज्ञ आर्चिबाल्ड व्हिव्हियन हिल यांचे नाव पहिले घ्यावे लागेल. ते १९४० च्या सुरुवातीलाच वॉशिंग्टनच्या ब्रिटिश वकिलातीत होते आणि तिथूनच त्यांनी खुल्या देवाणघेवाणीचा आग्रह धरला. रॉबर्ट वॉटसन-वॉट यांच्यासारख्या रडारच्या जनकालाही ही कल्पना पटलेली नव्हती, चर्चिल काही काळ डळमळीत होते, आणि तरीही राजदूत लॉर्ड लोथियन यांनी जुलै १९४० मध्ये रुझवेल्ट यांच्यापुढे औपचारिक प्रस्ताव ठेवला.

दुसरी बाजू योगायोगाची आहे. अमेरिकी अभियंते व्हॅनेव्हर बुश यांनी २७ जून १९४० रोजी राष्ट्रीय संरक्षण संशोधन समिती स्थापन करून घेतली होती, म्हणजे टिझार्ड पोहोचण्याच्या दोनच महिने आधी. ही समिती नसती, तर मंडळाची गाठ फक्त लष्कर आणि नौदलाच्या अधिकाऱ्यांशी पडली असती, आणि त्यांना बोलण्यापूर्वी प्रत्येक वेळी वरिष्ठांची परवानगी लागत होती. शास्त्रज्ञांच्या हातात सरकारी पैसा आणि अधिकार असलेली संस्था समोर असल्यामुळेच १९ सप्टेंबरच्या रात्री वॉशिंग्टनच्या वॉर्डमन पार्क हॉटेलात टिझार्ड मंडळातील शास्त्रज्ञ कॉक्रॉफ्ट आणि बोएन मॅग्नेट्रॉनबद्दल मोकळेपणाने बोलू शकले.

६ ऑक्टोबरला न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत तो नमुना सुरू करण्यात आला. दुसऱ्याच दिवशी एक घोळ उघड झाला. आराखड्यात सहा पोकळ्या होत्या, तर क्ष-किरणांच्या छायाचित्रात आठ दिसत होत्या. अटलांटिकपलीकडे मेगॉ यांच्याशी दूरध्वनीवर बोलल्यावर उलगडा झाला की त्यांनी नमुना क्रमांक बारामध्ये प्रयोग म्हणून आठ पोकळ्या घेतल्या होत्या आणि नेमका तोच पेटीत आला होता. अमेरिकेतील पहिल्या प्रती म्हणून आठ पोकळ्यांच्या झाल्या. कागदावरचा आराखडा पाठवून माहिती पोहोचत नाही, वस्तू आणि ती समजणारा माणूस दोन्ही सोबत जावे लागतात, याचा याहून स्पष्ट दाखला मला ठाऊक नाही. बोएन अमेरिकेतच थांबले आणि मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत ली ड्यूब्रिज यांच्या संचालकत्वाखाली उभ्या राहिलेल्या रेडिएशन लॅबोरेटरी या रडार प्रयोगशाळेला पहिल्या प्रकल्पाची रूपरेषा ठरवून देण्यात त्यांचा वाटा होता. १९४५ पर्यंत तिथे जवळपास ४,००० माणसे काम करत होती.

जे दिले ते परतही आले. १९४४ च्या उन्हाळ्यात लंडनवर व्ही-१ उडते बाँब येऊ लागले, तेव्हा किनाऱ्यावरच्या तोफांना दिशा देणारे एस.सी.आर.-५८४ रडार त्याच प्रयोगशाळेतून आलेले होते, आणि तोफगोळ्यांतील सामीप्य फ्यूज मर्ल टूव्ह यांच्या गटाने अमेरिकेत पूर्णत्वाला नेलेला होता. या दोहोंच्या आणि बेल प्रयोगशाळेच्या गणकयंत्राच्या जोडीने तोफांचा नेम कितीतरी सुधारला.

ब्रिटनच्या हाती सर्व काही लागले, असे मात्र समजू नये. नॉर्डन हे बाँब टाकण्याचे नेमयंत्र त्यांना हवे होते आणि अमेरिकेने ते देण्यास तेव्हा नकार दिला.

शांभवी

रेडिओलहर यांनी पहिल्या प्रश्नाचा उलगडा केला आहे. त्यातला महत्त्वाचा धागा असा, की १९४० मध्ये ब्रिटनने दिले ते स्वतः पुढे असताना दिले. अणूच्या बाबतीत नेमके हेच चुकले, असे माझे मत आहे.

योगायोग पाहा. अणुबाँब शक्य आहे हे दाखवणारे ओटो फ्रिश आणि रुडॉल्फ पायर्ल्स यांचे मार्च १९४० चे टिपणही बर्मिंगहॅमचेच. हे दोघे जर्मन भाषक निर्वासित असल्यामुळे त्यांना रडारच्या गोपनीय कामात प्रवेश नव्हता, आणि म्हणून ते युरेनियमच्या गणिताकडे वळले होते. त्यांच्या टिपणावरून ब्रिटनमध्ये मॉड नावाची सरकारी समिती नेमली गेली. तिने जुलै १९४१ मध्ये अहवाल दिला, त्यात युरेनियमचा बाँब युद्धकाळातच तयार होऊ शकेल असे ठामपणे म्हटले होते. हा अहवाल अमेरिकेला पाठवला गेला. तिकडून काहीच प्रतिसाद येईना, म्हणून ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमचे भौतिकशास्त्रज्ञ मार्क ऑलिफंट स्वतः अमेरिकेला गेले, तेव्हा त्यांना आढळले की तिथल्या युरेनियम समितीचे अध्यक्ष लायमन ब्रिग्ज यांनी ती कागदपत्रे आपल्या तिजोरीत कुलूपबंद करून ठेवली आहेत आणि समितीच्या सदस्यांना ती दाखवलेलीही नाहीत. ऑलिफंट यांनी मग भौतिकशास्त्रज्ञ अर्नेस्ट लॉरेन्स यांच्यापासून अनेकांना भेटून बाँबची निकड पटवली.

याचा परिणाम म्हणून ऑक्टोबर १९४१ मध्ये रुझवेल्ट यांनी चर्चिल यांना पत्र लिहून दोन्ही देशांचे प्रयत्न एकत्र चालवण्याची कल्पना मांडली. त्या क्षणी ब्रिटन स्पष्टपणे पुढे होते. बरोबरीच्या भागीदारीचा करार मागण्याची तीच वेळ होती. परंतु लंडनहून उत्तर सावकाश आणि थंडपणे गेले, अमेरिकेतील गोपनीयतेबद्दल शंका घेण्यात आल्या, आणि आपण हे काम स्वतंत्रपणे करू शकू असा विश्वास काही मंडळींना वाटत राहिला. जुलै १९४२ मध्ये अणुकामाची जबाबदारी असलेले ब्रिटिश मंत्री सर जॉन अँडरसन यांनी चर्चिल यांना लिहिले की आपण भांडवल म्हणून जे आधीचे काम दाखवतो त्याचे मोल झपाट्याने घटत आहे आणि आता जोडून घेणेच इष्ट आहे. तोवर अणुबाँब बनवण्याचा मॅनहॅटन प्रकल्प अमेरिकी लष्कराकडे जाण्याच्या बेतात होता आणि पैसा, माणसे, कारखाने सगळे तिकडे जमत होते. ज्याच्याकडे देण्यासारखे फारसे उरलेले नाही, त्याला घेण्याचा अधिकार कोण देणार?

त्यात व्यापारी संशयाची भर पडली. ब्रिटिश अणुप्रकल्पाचे प्रमुख वॉलेस एकर्स हे इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीजमधून आलेले होते. युद्धानंतरच्या वीजनिर्मितीसाठी ब्रिटनला ही माहिती हवी आहे, असा ग्रह बुश आणि त्यांचे सहकारी जेम्स कॉनंट यांनी करून घेतला. जानेवारी १९४३ मधील कॉनंट यांच्या टिपणाने देवाणघेवाण जवळपास थांबली आणि मॉंट्रियल येथे नुकत्याच उभारलेल्या ब्रिटिश-कॅनेडियन प्रयोगशाळेची त्यात सर्वाधिक कुचंबणा झाली.

१९ ऑगस्ट १९४३ च्या क्वेबेक कराराने दार पुन्हा उघडले, पण अटी पाहिल्या की पारडे कोणाकडे झुकले होते ते कळते. एकमेकांविरुद्ध हे अस्त्र वापरायचे नाही, तिसऱ्याविरुद्ध वापरायचे तर दोघांची संमती हवी, तिसऱ्याला माहिती द्यायची तरी दोघांची संमती हवी, आणि युद्धोत्तर औद्योगिक लाभाचे काय करायचे ते अमेरिकेच्या अध्यक्षांनी ठरवायचे. न्यूट्रॉनचे शोधक जेम्स चॅडविक यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश शास्त्रज्ञ अमेरिकेत गेले आणि त्यांनी मोलाचे काम केले. मात्र करार गुप्त होता, दोन नेत्यांपुरता होता, आणि अमेरिकी काँग्रेसला तो माहीतच नव्हता. सप्टेंबर १९४४ मध्ये रुझवेल्ट यांच्या हाइड पार्क (न्यूयॉर्क राज्य) येथील घरी युद्धानंतरही सहकार्य चालू ठेवण्याचे जे टिपण झाले, त्याची अमेरिकेकडील प्रत रुझवेल्ट यांच्या मृत्यूनंतर सापडेना, कारण ती नौदलाच्या कागदपत्रांत जाऊन पडली होती. १९४६ च्या मॅकमहॉन कायद्याने मित्रराष्ट्रांनाही अणुविषयक माहिती देण्यास मनाई झाली. ब्रिटनने मग आपला बाँब स्वतः बनवला आणि ऑक्टोबर १९५२ मध्ये ऑस्ट्रेलियाजवळ त्याची चाचणी घेतली.

वारणाकाठ

दोन्ही प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. शांभवीताई, आपल्या विवेचनावरून असे वाटते की लेखी करारापेक्षा शास्त्रज्ञांचा परस्पर परिचय अधिक उपयोगी ठरला. १९४० मध्ये तर लेखी करार नव्हताच. मग सरकारांनी यंत्रणा उभारण्याला काही अर्थ होता का?

शांभवी

अर्थ होता आणि बराच होता. टिझार्ड परतल्यानंतर काही महिन्यांतच, १९४१ च्या पूर्वार्धात, कॉनंट लंडनला आले आणि तिथे अमेरिकी संशोधन संघटनेचे कायमचे संपर्क कार्यालय सुरू झाले. तिकडे वॉशिंग्टनमध्ये ब्रिटिश केंद्रीय वैज्ञानिक कार्यालय उघडले आणि चार्ल्स गाल्टन डार्विन यांनी ते प्रथम सांभाळले. अहवालांची नियमित ने-आण, कोणत्या प्रयोगशाळेला कोण पाहुणा भेटणार याची व्यवस्था आणि परवानग्या ही सारी कंटाळवाणी कामे या कार्यालयांनी केली. परिचयाने पहिली भेट होते, पण पुढची चार वर्षे शेकडो विषयांतील माहिती वेळेवर पोहोचवायला कार्यालयच लागते. माझा आक्षेप नेत्यांनी खासगीत केलेल्या करारांना आहे, कारण ते त्या नेत्यांबरोबरच संपतात.

ग्रंथसंग्रह

ग्रंथालयशास्त्राच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण देवाणघेवाण म्हटली की आपण मित्रराष्ट्रांतील दौऱ्यांचाच विचार करतो. शत्रूकडून येणारी माहिती आणि शत्रूपासून लपवलेली माहिती याही बाबी तितक्याच महत्त्वाच्या आहेत.

१९३९ च्या सुरुवातीला हंगेरियन भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांनी सुचवले होते की युरेनियमच्या विखंडनातून सुटणाऱ्या न्यूट्रॉनांविषयीचे निष्कर्ष शास्त्रज्ञांनी स्वखुशीने छापू नयेत. पॅरिसमध्ये भौतिकशास्त्रज्ञ फ्रेडरिक जोलिओ यांनी ते मान्य केले नाही, त्यांचे निष्कर्ष नेचर या नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि बांध फुटला. जून १९४० मध्ये तर मॅकमिलन आणि अॅबलसन यांचा ९३ व्या मूलद्रव्यावरील शोधनिबंध फिजिकल रिव्ह्यूमध्ये सर्वांना वाचता येईल असा छापला गेला, आणि ब्रिटिशांनी त्याबद्दल तक्रार केली. याच सुमारास अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ ग्रेगरी ब्राइट यांच्या पुढाकाराने अमेरिकी नियतकालिकांच्या संपादकांनी अशा निबंधांची छाननी सुरू केली. सरकारी हुकुमाविना शास्त्रज्ञांनी स्वतःवर घालून घेतलेले हे बंधन मला त्या काळातील फार मोठी गोष्ट वाटते, कारण प्रसिद्धीचा अग्रमान हेच त्यांचे सर्वस्व होते.

पण या मौनाचाही अर्थ लावणारा कोणीतरी निघाला. सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ गिओर्गी फ्ल्योरोव यांनी पेत्रझाक यांच्यासह १९४० मध्ये युरेनियमच्या आपोआप होणाऱ्या विखंडनाचा शोध लावला होता आणि तो अमेरिकी नियतकालिकात छापूनही आला होता. त्यावर परदेशातून कोणाचीच प्रतिक्रिया आली नाही. पुढे सैन्यात असताना त्यांनी मिळतील ती नियतकालिके चाळली, तेव्हा त्यांच्या लक्षात आले की या विषयातील सगळी मोठी नावे एकाएकी गायब झाली आहेत. हे काम गुप्तपणे चालू असल्याचा निष्कर्ष काढून एप्रिल १९४२ मध्ये त्यांनी थेट स्टालिनला पत्र लिहिले. सोव्हिएत प्रकल्प केवळ त्या पत्रामुळे उभा राहिला असे कोणी म्हणू नये, कारण हेरांचे अहवालही मॉस्कोला पोहोचत होते आणि चॅडविक यांच्याच ब्रिटिश मंडळातील क्लाउस फुक्स पुढे फार मोठी माहिती देणार होते. तरीही एका ग्रंथपालाच्या दृष्टीने पाहिले, तर न छापलेल्या निबंधांनी एवढे सांगून टाकल्याचे दुसरे उदाहरण शोधावे लागेल.

शत्रूच्या छापील साहित्याचे मोल दोन्ही सरकारांनी ओळखले होते. युद्धामुळे जर्मन शास्त्रीय नियतकालिके थेट मिळेनाशी झाली, तेव्हा तटस्थ देशांतून त्यांचे अंक मिळवले जात. लंडनमध्ये अॅस्लिब या विशेष ग्रंथालयांच्या संस्थेने त्यांच्या मायक्रोफिल्म काढून वाटण्याची सेवा चालवली. अमेरिकेत शत्रूच्या मालमत्तेचा ताबा घेणाऱ्या सरकारी कार्यालयाने त्यांचे स्वामित्वहक्कही ताब्यात घेतले आणि ती नियतकालिके पुन्हा छापून ग्रंथालयांना विकली. बाइलश्टाइन यांचा सेंद्रिय रसायनशास्त्राचा प्रचंड कोशही असाच अमेरिकेत पुनर्मुद्रित झाला.

पेनिसिलिनबद्दलही दोन वाक्ये लिहितो, कारण ते वारणाकाठ यांच्या पहिल्या आणि तिसऱ्या दोन्ही प्रश्नांना जोडणारे आहे. जुलै १९४१ मध्ये हॉवर्ड फ्लोरी आणि नॉर्मन हीटली ऑक्सफर्डहून बुरशीचे नमुने घेऊन अमेरिकेला गेले आणि इलिनॉयमधील पिओरिया येथील कृषिखात्याच्या प्रयोगशाळेत मक्यापासून स्टार्च काढताना उरणारा अर्क वापरून उत्पादन अनेक पटींनी वाढले. हाही मॅग्नेट्रॉनसारखाच व्यवहार होता: शोध ब्रिटनचा आणि उत्पादनाची ताकद अमेरिकेची. मात्र ब्रिटिशांनी पेनिसिलिनचे पेटंट घेतलेले नव्हते, आणि ज्यांच्याबरोबर हीटली यांनी काम केले त्या अँड्र्यू मॉयर यांनी उत्पादनपद्धतीची पेटंटे मिळवली. त्याचे शल्य ब्रिटनमध्ये पुढे बराच काळ राहिले. स्वतंत्र भारताने १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना केली, ती जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने. पुणे परिसरातील अनेक कुटुंबांना या कारखान्याची ओळख आहे, पण तिथले तंत्र युद्धकाळातल्या या प्रवासातून आलेले आहे, हे सांगितले जात नाही.

ट्रॉम्बेकर

तिसऱ्या प्रश्नावर लिहितो, कारण माझी सगळी नोकरी अणुऊर्जेच्या क्षेत्रात झाली.

हिंदुस्थान या देवाणघेवाणीत मुख्यतः कच्च्या मालाचा प्रदेश म्हणून मोजला गेला, हे प्रथम स्पष्ट म्हटले पाहिजे. जून १९४४ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने एक संयुक्त न्यास स्थापन केला, ज्याचे काम जगभरातील युरेनियम आणि थोरियमचे साठे आपल्या ताब्यात आणणे हे होते. त्रावणकोरच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूत थोरियम आहे, हे त्यांना पक्के ठाऊक होते. ज्यांच्या भूमीतली ती वाळू होती, त्यांच्या शास्त्रज्ञांना मात्र क्वेबेक करारानुसार काहीही सांगता येत नव्हते.

तरीही त्याच युद्धाने काही दारे किलकिली केली. १९४० मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन मंडळ आणि १९४२ मध्ये शांतिस्वरूप भटनागर यांच्या नेतृत्वाखाली आजची वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद उभी राहिली, ती युद्धसामग्रीच्या गरजेपोटी. १९४३ च्या अखेरीस रॉयल सोसायटीचे सचिव म्हणून हिंदुस्थानात आले ते हेच ए. व्ही. हिल, ज्यांच्याबद्दल रेडिओलहर यांनी लिहिले आहे. त्यांनी पाच-सहा महिने देशभर फिरून संशोधनाच्या संघटनेविषयी सरकारला अहवाल दिला. वॉशिंग्टनमध्ये जे पटवायला ते झटले होते, की शास्त्रज्ञांनी सरकारच्या आत बसून काम केले पाहिजे, तेच त्यांनी दिल्लीला सांगितले. त्यांच्या सूचनांच्या पाठोपाठ ऑक्टोबर १९४४ ते फेब्रुवारी १९४५ या काळात भारतीय शास्त्रज्ञांचे एक मंडळ ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडाला गेले. त्यात भटनागर, मेघनाद साहा, ज्ञानचंद्र घोष, शिशिरकुमार मित्र आणि मुंबईत माटुंग्याच्या कापूस तंत्रज्ञान प्रयोगशाळेचे संचालक नझीर अहमद हे होते. प्रयोगशाळा कशा चालवल्या जातात, विद्यापीठे, उद्योग आणि सरकार यांचे नाते कसे असते, हे त्यांनी जवळून पाहिले. मॅनहॅटन प्रकल्प त्यांच्यासाठी बंद होता, पण संशोधनाची संघटना कशी बांधावी हे ज्ञान गोपनीय नव्हते. माझ्या मते त्या मंडळाची तीच खरी कमाई आहे.

होमी भाभा १९३९ मध्ये सुटीवर भारतात आले आणि युद्धामुळे इथेच राहिले. मार्च १९४४ मध्ये त्यांनी सर दोराबजी टाटा न्यासाला पत्र लिहिले, हे सर्वांना माहीत आहे. त्यापेक्षा कमी बोलली जाणारी गोष्ट अशी, की केंब्रिजपासून त्यांचे स्नेही असलेले जॉन कॉक्रॉफ्ट हेच टिझार्ड मंडळातील कॉक्रॉफ्ट. १९४४ मध्ये मॉंट्रियल प्रयोगशाळेची सूत्रे त्यांच्याकडे आली आणि तिच्याच कामातून चॉक रिव्हर येथे एन.आर.एक्स. ही जड पाण्याची अणुभट्टी उभी राहून जुलै १९४७ मध्ये सुरू झाली. ट्रॉम्बेतील अप्सरा ही अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली, ती ब्रिटनने पुरवलेल्या इंधनावर. तिथलीच सायरस ही दुसरी अणुभट्टी जुलै १९६० मध्ये कार्यान्वित झाली, आणि ती तर एन.आर.एक्स.च्याच घडणीची, कॅनडाच्या साहाय्याने आणि अमेरिकेच्या जड पाण्यावर चालणारी. म्हणजे ज्या मॉंट्रियल प्रयोगशाळेची १९४३ मध्ये अमेरिकेने कोंडी केली होती, तिचेच तंत्रज्ञान सतरा वर्षांनी मुंबईच्या किनाऱ्यावर पोहोचले. सायरसमधील प्लुटोनियम १९७४ च्या पोखरण चाचणीत वापरले गेले आणि कॅनडाने भारताशी अणुसहकार्य थांबवले.

रेडिओलहर

ट्रॉम्बेकर यांच्या प्रतिसादातील शिशिरकुमार मित्र यांच्या उल्लेखाला एक पुरवणी जोडतो. मित्र हे आयनांबराचे (रेडिओलहरी परावर्तित करणाऱ्या वातावरणाच्या वरच्या थराचे) अभ्यासक आणि युद्धकाळात स्थापन झालेल्या रेडिओ संशोधन समितीचे प्रमुख होते. रडारने सूक्ष्मलहरींच्या तंत्राला किती पुढे नेले आहे हे त्यांना त्या दौऱ्याच्या काळात जवळून कळले असणार, असा माझा अंदाज आहे. परतल्यावर त्यांनी कोलकाता विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग व्हावा म्हणून पाठपुरावा केला आणि १९४९ मध्ये तिथे रेडिओ भौतिकी व इलेक्ट्रॉनिकी संस्था सुरू झाली. वारणाकाठ यांना भारताच्या वाट्याला काय आले याचा शोध पुढे घ्यायचा असेल, तर अणूच्या जोडीला या संस्थेचा सुरुवातीचा अभ्यासक्रम पाहावा, असे मी सुचवेन.